दमलेल्या लयीची तबकडी

दिन्या, आपलं भांडण मी जिंकलो. चार वर्षं चाललेलं, अख्ख्या चाळीला पाठ झालेलं, तुझ्या आईच्या कितीतरी कप चहाची वाट लावलेलं ते भांडण मी पुराव्यासकट जिंकलो. आणि हे तुला सांगायला तोंड वर केलं तर भिंतीवर तुझा फोटो. त्याला हार. फोटोतला तू नेहमीसारखाच, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कशाला तरी कान देऊन उभा. हरल्यावर माणसाने निदान तोंड तरी पाडावं रे. तेवढंसुद्धा सुख तू मला दिलं नाहीस.

तू गेलास त्याला अजून महिना व्हायचाय. जोगेश्वरीत कुठेही गेलो तरी कोणीतरी थांबवतं आणि म्हणतं, दिनू फार चांगला माणूस हो. मी मान हलवतो. मनात म्हणतो, चांगला कसला, हेकट होता नुसता. एकदा एखाद्या गोष्टीला थोर म्हटलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी हा मागे सरकणार नाही. पण असं मेलेल्या माणसाबद्दल बोलत नाहीत. मग मी आणि ते गृहस्थ, दोघेही खाली बघतो आणि आपापल्या वाटेने जातो. तू चांगला होतास हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. आता सगळी दुनिया मला ते सांगत सुटली आहे, आणि मला कोणाचं ऐकवत नाही.

म्हणून तुझ्याशीच बोलतो. त्या तबकडीबद्दल. आपण दुसरं काय बोलायचो?

ती आणली तुझ्या मामेभावाने, मधूने. तो बोटीवर फिटर. गिरणीचा संप होऊन दोन वर्षं झाली होती, साचेखात्यातली, कापडाच्या मागांवरची तुझी नोकरी गेली ती गेलीच होती आणि तू घरच्या पोटमाळ्यावर रेडिओ-टेप दुरुस्त करायला बसला होतास. मधू सुट्टीवर आला की एक रात्र तुमच्याकडे उतरायचा आणि सकाळी देवगडला पळायचा. त्या खेपेस त्याने बॅगेतून ही मोठी, काळीकुळकुळीत तबकडी काढली. करड्या पुठ्ठ्याचं पाकीट, त्यावर अक्षर नाही. मधे चिकटवलेल्या गोल कागदावरही नाव-गाव काही नाही, फक्त एकात एक अडकलेली दोन वर्तुळं. मधू म्हणाला, "जर्मनीत एका बंदरावर घेतली. तिकडे पब्लिक वेडं झालंय ह्याच्यापायी. दुकानदार सांगत होता, असलं म्युझिक ह्याच्याआधी झालंच नाही. एकही माणूस वाजवत नाही, सगळं मशीन." एवढं बोलून तो जेवायला बसला. त्याच्या दृष्टीने विषय संपला. आपला तिथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी तू मला हाक मारलीस. आपल्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक मोरी आणि एक जिना, पण तुझी हाक पार जोगेश्वरीच्या गुंफेपर्यंत जायची. साचेखात्यात वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही आणि हळू बोललेलं ऐकू येत नाही. मी वर आलो. तुझा तो रेकॉर्डप्लेयर, भंगारातल्या तीन मशीनचे अवयव जोडून तू केलेला. वेग बदलायच्या त्याच्या खटक्याची स्प्रिंग गेली होती, तो आपोआप घसरायचा, म्हणून तू मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या खाचेत आगपेटीची काडी खोचून ठेवली होतीस. आपल्याकडे होत्या त्या सगळ्या मोठ्याच तबकड्या. काडी काढायची कधी वेळ आली नाही.

तू सुई टेकवलीस. आधी बराच वेळ नुसतं टुंब, टुंब, टुंब. विहिरीत कोणी एकेक खडा टाकत असावं तसं. मग चार सुरांचा एक तुकडा आला, जड पावलांनी आला, आणि फिरून फिरून तोच येत राहिला. वर कुठेतरी एक शीळ. पंधरा-वीस मिनिटं हेच. तू डोळे मिटून बसला होतास. मी पखवाजवाला, माझा हात आपोआप मांडीवर ठेका शोधत होता, आणि ठेका बसत होता पण रंगत नव्हता. लय विलंबित म्हणावी तर विलंबिताचा तोल नाही, मध्य म्हणावी तर अंगात जोर नाही. दिवसभर उभं राहून घरी निघालेल्या माणसासारखी ती चालत होती. शेवटी सगळे सूर गेले आणि एकटे ठोके आले. घुम. घुम. घुम-घुम. घुम. आणि संपलं.

"काय?" तू विचारलंस.

"दमलंय रे हे," मी म्हटलं. "वाजवणाऱ्याला झोप आली होती काय?"

"वाजवणारा नाहीच ना! मशीन आहे!"

"मग मशीन दमलंय."

मी थट्टेत बोललो होतो. पण तू एकदम ताठ बसलास, आणि तुझ्या तोंडावर जे आलं ते मला आजही दिसतं. तू म्हणालास, "अशक्या, हेच. हेच आहे ते. मशीन दमतं हे आजवर कोणी गाण्यात सांगितलं होतं?"

झालं. माझीच थट्टा उचलून तू माझ्याविरुद्ध वापरलीस ती चार वर्षं.

आपल्या भांडणाची रीतसुद्धा आपण आपल्या भजनी मंडळातूनच उचलली होती. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने आपली बारी पुरी मांडायची, दुसऱ्याने मधे तोंड घालायचं नाही. कितीही झोंबलं तरी शेवटचा गजर होईपर्यंत ऐकायचं, आणि मग आपल्या बारीत फोडून काढायचं. तू पेटीवर बसून कितीतरी बुवांना असं गप्प केलं होतंस आणि तुझ्या शेजारी पखवाजावर मी होतो. आता आपण दोघेच समोरासमोर. रविवारी दुपारी एक बारी तुझी, पुढच्या रविवारी माझी. चहा मधे ठेवलेला. काकी, म्हणजे तुझी आई, खालून ओरडायच्या, "मेल्यांनो, चाय निवली! मशिनीच्या गाण्यावरसून मानसां भांडतत, खंय बघूक गावाचां नाय!"

तुझी बारी अशी असायची. की आजवरचं सगळं संगीत माणसाच्या श्वासावर बांधलेलं. गाणारा श्वास घेतो तिथे सूर तुटतो, वाजवणारा थकतो तिथे लय ढळते, आणि ते झाकायला आपण त्याला कला म्हणतो. हा पहिला गडी, ज्याने माणसाला बाहेर बसवलं आणि यंत्राला विचारलं, बाबा, तुझं काय दुखतंय ते तू सांग.

आणि माझी बारी अशी. की ह्यात नवीन ते काय? चार सूर आणि एक टुंब-टुंब. परदेशातून आलं नसतं, पाकिटावर नाव असतं, तर तू अर्ध्यात सुई उचलली असतीस. नाव नाही म्हणून गूढ, कळत नाही म्हणून थोर. उगाच डोक्यावर घेतलेली वस्तू आहे ही. हीच लय आपल्या मंडळात एखाद्याने धरली असती तर तू पेटी बंद करून उठला असतास.

"उठलो असतो," तू कबूल करायचास. "माणसाने धरली असती तर उठलोच असतो."

तुझ्याशी भांडणं हे असं होतं. तू मान्य करायचास आणि तरी हरायचा नाहीस.

खरी बारी तू मांडलीस ती पावसाळा संपतानाच्या एका रविवारी. तबकडीच्या शेवटी येणारे ते ठोके. मी त्यांना घोरणं म्हणायचो. त्या दिवशी तू त्या ठोक्यांवर सुई परत परत ठेवलीस आणि मग एरवीच्या ओरडण्याच्या आवाजात नाही, चक्क हळू बोललास. म्हणालास, "साचा बंद करतात ना, हँडल ओढलं तरी तो लगेच थांबत नाही. अंगात राहिलेला जोर असतो. दोन-चार ठोके देतो आणि मग गप्प. शेवटच्या दिवशी पाळी सुटली तेव्हा सगळं खातं एकदम बंद झालं. शेकडो साचे. सगळ्यांनी आपापले ठोके दिले. पुढेमागे, पुढेमागे. आणि मग जे झालं ते मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. शांतता. खात्यात मला माझाच श्वास ऐकू आला." तू तबकडीकडे बोट दाखवलंस. "हे ते आहे. त्या जर्मनीतल्या माणसाने कुठेतरी साचा थांबताना ऐकलाय. माझी शप्पथ."

रीतीप्रमाणे पुढच्या रविवारी माझी बारी होती. मी तेव्हा गावाला जायचं आहे असं सांगितलं. खरंच जायचं होतं, पण नसतं तरी गेलो असतो.

मग मुलुंडचं ते श्रवण मंडळ. सहस्रबुद्धे नावाचे एक गृहस्थ, बँकेतले मोठे साहेब, त्यांचा टेप तू दुरुस्त केला होतास आणि बोलता बोलता तबकडीचा विषय निघाला. त्यांच्या घरी महिन्यातून एकदा दहा-बारा मंडळी जमून गाणी ऐकायची आणि त्यावर चर्चा करायची. तुला आमंत्रण आलं. तू इस्त्रीचा शर्ट घातलास, तबकडी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलीस आणि मला ओढत नेलंस. पवईवरून बसने जाताना खड्डा आला की तू तबकडी पोटाशी धरायचास. त्यांच्याकडे केवढी ती यंत्रणा! तू मात्र पुढे होऊन आधी वेगाचा खटका तेहतीसवर आहे ना ते बघून घेतलंस आणि मगच त्यांना सुई ठेवू दिलीस.

तबकडी संपली. मग एक चष्मेवाले म्हणाले, हे या शतकाचं संगीतच नाही, हे पुढचं आहे. दुसऱ्यांनी काळ, अवकाश, शून्य असं बरंच काही सांगितलं. एक बाई तेवढ्या प्रामाणिक निघाल्या, म्हणाल्या, मला बाई डुलकी लागली. तू कोणाचंच नीट ऐकत नव्हतास. ऐकू येतच नसावं. पण ते मान डोलावत होते हे तुला दिसत होतं, आणि खुर्चीत तू वीतभर उंच झाला होतास.

येताना बसमध्ये मी पेटलो. म्हटलं, "दिन्या, ह्या लोकांना साच्याचा खरा आवाज ऐकवलास तर कानात बोटं घालतील. ह्यांना काय कळलं?"

तू खिडकीबाहेर बघत होतास. तिकडेच बघत म्हणालास, "म्हणून तर तबकडी पाहिजे ना. साचा ऐकायला कोण येणार होतं?"



एक गोष्ट मात्र मी कधी ऐकली नाही तुझी. तू कितीदा म्हणालास, "एकदा ह्याच्यावर पखवाज धर. एकदाच. बघूया तर काय होतं." मी दर वेळी म्हणायचो, "दमलेल्या लयीला मी ठेका देत नाही." तू हसायचास आणि विषय सोडून द्यायचास. त्यामागे माझं काय दुखत होतं ते तुला कळत असणार. मंडळातली नवी पोरं तेव्हा ठेका देणारी पेटी आणायच्या गोष्टी करायला लागली होती, बटण दाबलं की ढोलकी, बटण दाबलं की तबला. तुझ्या हातातला साचा गेला होता, माझ्या हातातला पखवाज जायच्या बेतात होता, आणि तू मला त्याच यंत्राची साथ करायला सांगत होतास. मला राग यायचा. तुला यायला हवा होता तो राग मला यायचा आणि तू त्या यंत्राची कीव करत बसायचास. इतकं मोठं मन तू कुठून आणलंस रे?

कावीळ झाली म्हटल्यावर आधी सगळ्यांनीच हसण्यावारी नेलं. उसाचा रस झाला, कोणाकडची मुळी झाली. मग म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा तुझे डोळे बघून मी खिडकीकडे तोंड केलं. भेटीची दुपारची वेळ होती, काकी पेज आणायला गेल्या होत्या. तू मला जवळ बोलावलंस. आवाज एवढा बारीक झाला होता की आता कान मला लावावा लागला.

"अशक्या, तुझी बारी राहिली आहे."

"कसली बारी! बरा हो आधी. घरी ये, मग घेतो चांगली."

"साच्याच्या ठोक्यांवर तू काही बोललाच नाहीस. गावाला पळालास."

मी म्हटलं, "मान्य आहे बाबा. तुझी तबकडी थोर. झालं?"

त्यावर तू डोळे उघडलेस. "आजारी आहे म्हणून हरू नकोस हां. त्यापेक्षा शिव्या दे. मला खरं उत्तर पाहिजे."

मी बरं म्हटलं. ते आपलं शेवटचं बोलणं ठरेल हे मला माहीत नव्हतं. तुला असावं असं आता वाटतं.

तेराव्याचं जेवण झालं, मंडळी पांगली. संध्याकाळी घरात काकी, मी आणि मधू. तो बोटीवरून परवाच उतरला होता आणि ह्या वेळी देवगडला न जाता थांबला होता. भांडी आवरून काकी आल्या, भिंतीला टेकून बसल्या. एवढे दिवस त्या घरात रेडिओसुद्धा लागला नव्हता. म्हणाल्या, "अशोका, तेचां तां लाव रे जरा."

मी पोटमाळ्यावरून तुझं मशीन खाली आणलं. सुई ठेवली. टुंब, टुंब, टुंब. काकींनी पदर तोंडाला लावला. तुझ्या पायाचा आवाज वरून यायचा तसा तो आवाज त्या घराचा झाला होता, हे मला तेव्हा कळलं.

मधू मात्र अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघायला लागला. म्हणाला, "बिघडलंय काय मशीन? एवढं स्लो का चाललंय?"

"हे असंच आहे," मी म्हटलं.

"अरे नाय रे! मी घेतली तेव्हा दुकानात लावली होती ना. पोरंपोरी नाचत होती ह्याच्यावर. नाचायची रेकॉर्ड आहे ही." तो उठला, मशीनकडे वाकला, आणि मी काही बोलायच्या आत त्याने तुझी काडी उपटली आणि खटका पंचेचाळीसवर सारला.

दिन्या, काय सांगू तुला. घरात लग्नाची वरात शिरल्यासारखं झालं. तेच चार सूर, पण आता टुणटुण उड्या मारत. ती लांब शीळ म्हणजे नुसती चिवचिव. लय कशी म्हणशील, तर एकदम ठीक, तरतरीत, बारशाला लावावी अशी. माझं बोट आपणहून ठेका द्यायला लागलं आणि तो चपखल बसला. चार वर्षं मी सांगत होतो ना की ही लय दमलेली आहे? लय दमलेली नव्हती. आपण तिला दमवली होती. मोठी तबकडी तेहतीसवर आणि छोटी पंचेचाळीसवर, हे आपल्याला पाढ्यांसारखं पाठ. मोठी तबकडीही पंचेचाळीसवर फिरत असेल हे आपल्या डोक्यात यायचंच नाही. गाणारा माणूस असता तर पहिल्या ओळीला चूक कळली असती. पण ह्यात माणूसच नव्हता, आणि तुला त्याचंच कौतुक होतं. मुलुंडच्या त्या सगळ्या विद्वानांनाही कळलं नाही, हे त्यातल्या त्यात समाधान.

चांगली होती तबकडी, वाईट नव्हती. पण अशी चाल कुठल्याही ऑर्केस्ट्रात सापडेल. मी म्हणत होतो ते शब्दाला शब्द खरं ठरलं.

आणि मग शेवट आला, आणि ते ठोके.

ते ठोके नव्हते. कोणीतरी हसत होतं. घुमणाऱ्या खोलीत एक माणूस पोटभर हसत होता. रेकॉर्डिंग संपल्यावर कोणी काही गंमत केली असेल आणि ते हसू तसंच राहून गेलं असेल. हा, हा, हाहा, हा. मधूलाही ऐकून हसू आलं. तुझे शेकडो साचे, तुझी शेवटची पाळी, तुझी ती शांतता, आणि तिथे एक जर्मन माणूस हसतोय.

मी मधूला सगळं सांगितलं. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही चुकीचंच ऐकत होता की रे."

मी काही बोलायच्या आधी काकी बोलल्या. तोपर्यंत त्या कपाळाला आठ्या घालून मशीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ह्यां नको. ह्यां दिनूचां न्हय. पयलां होतां तां लाव."

तर ही माझी बारी, दिन्या. मधे बोलू नकोस. तू खरं उत्तर मागितलंस म्हणून देतो, आजारी आहेस म्हणून नाही. ती तबकडी थोर नाही. तिच्यात नवीन काही नव्हतं, ती नाचायची तबकडी होती आणि ज्याने केली त्याला यंत्राचं दुखणं ठाऊकही नसेल. हे भांडण मी जिंकलो. पण साचा थांबताना जे ऐकू येतं ते ह्या जगात कोणी कधी गाण्यात आणलं नव्हतं, हे तू म्हणालास तेही खरं आहे. फक्त ते जर्मनीत झालं नाही. जोगेश्वरीच्या चाळीत, एका पोटमाळ्यावर, आगपेटीच्या काडीने अडवलेल्या मशीनवर झालं. ते तू केलंस. तू मात्र सगळं श्रेय त्या अनोळखी माणसाला देत बसलास, आणि मी तुझ्यासमोर बसून त्या माणसाला शिव्या देत होतो. आणि खरा थोर माणूस चहा पुढे सारत मला म्हणत होता, घे, निवेल.

हे तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस? मला वाटतं तू आधी गडगडून हसला असतास आणि म्हणाला असतास, मग अशक्या, त्या जर्मनानेच चुकीच्या वेगावर केली असणार. आणि पुढची चार वर्षं ह्यावर गेली असती. ती चार वर्षं मला पाहिजे होती रे. हरून चाललं असतं मला.

मी जमिनीवर पडलेली काडी शोधली. मधूने खटका मागे ओढून धरला आणि मी ती परत तेहतीसच्या खाचेत खोचली. सुई ठेवण्याआधी काकींना म्हटलं, थोडी कणीक मिळेल का. त्यांनी विचारलं नाही कशाला. इतकी वर्षं भजनाच्या दिवशी पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायचा गोळा त्याच तर भिजवून ठेवायच्या. त्या आत गेल्या, मी माझ्या खोलीतून पखवाज घेऊन आलो. कणीक लावली, थाप मारून बघितली. तुझ्या पेटीची जागा रिकामी ठेवून नेहमीच्या बाजूला बसलो.

टुंब, टुंब, टुंब. मी हात टाकला.

तू म्हणत होतास, बघूया तर काय होतं. फार काही झालं नाही. जोर लावता येत नाही त्या लयीवर, नुसतं बरोबर चालावं लागतं. घाई केली की ती मागे राहते, थांबलं की पुढे जाते. आजारी माणसाला धरून जिना उतरवताना चालतो तसं चालत राहिलो. काकी डोळे मिटून बसल्या होत्या. मधू मान खाली घालून. चार सूर आले, गेले, परत आले. मग सगळे सूर गेले आणि शेवटचे ठोके आले. घुम. घुम. घुम-घुम. मला आता माहीत होतं ते काय आहे. तरी मला साचाच ऐकू आला.

तबकडी संपली. सुई मधल्या गोल कागदापाशी जाऊन खरखरायला लागली, मधूने ती उचलली. माझा हात मात्र लगेच थांबला नाही. दोन-चार ठोके देऊन मग गप्प झाला.